घोड्याची चंदी, बैलाची वैरण

इ.स. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, तेव्हा त्याच्याजवळ विकण्याजोगी मोलाची चीज म्हणजे एक घोडा होता. त्वेर गावचा हा माणूस वोल्गा नदीतून, इराणातून, होर्मुझवरून मजल दरमजल करत आला होता. समुद्रावरच त्याचे सहा आठवडे गेले होते. दख्खनमध्ये परदेशी घोड्याला भाव होता, आणि आपल्या घोड्याची किंमत तो शंभर रूबल सांगतो. चौलपासून पुढचा मुलूख पाहताना त्याने एक गोष्ट टिपून ठेवली: या देशात घोडे निपजत नाहीत, निपजतात ते बैल आणि रेडे, आणि बसण्यापासून माल वाहण्यापर्यंत सगळी कामे लोक त्यांच्याकडूनच करून घेतात. साडेपाचशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजही कामाची आहे. चौल-रेवदंड्यातल्या एखाद्या घरात आज दोन विजेच्या गाड्यांची माहितीपत्रके समोर पसरून खल चाललेला असतो: रोज अलिबागला जायला कोणती बरी आणि सुट्टीत पुण्या-कोल्हापूरकडे निघायला कोणती? रोजचे वाहन आणि लांबचे वाहन यांतली ही ओढाताण चौलने पूर्वी पाहिलेली आहे. तिचा निकाल कसा लागला, हे पाहिले तर आजच्या निवडीचा घोळ बराच कमी होईल.

चौल हे मुळात वाहन बदलण्याचे गाव. कुंडलिकेच्या मुखावरचे हे बंदर टॉलेमीला सिमुल्ला म्हणून माहीत होते, कान्हेरीच्या शिलालेखांत ते चेमुल आहे आणि अरबांच्या लेखनात सैमूर. अल-मसूदी इ.स. ९१५-१६ च्या सुमारास इथे आला, तेव्हा शिलाहार राजाच्या राज्यातल्या या गावात सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे आणि इथेच जन्मलेले असे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असे तो लिहितो. एवढी माणसे इथे का गोळा झाली? चौलमध्ये पिकणारे थोडे आणि खपणारेही थोडे. पण समुद्रावरून आलेला माल गलबतातून उतरून बैलाच्या पाठीवर चढायचा आणि घाटावरून आलेला माल बैलाच्या पाठीवरून उतरून गलबतात जायचा, तो इथे. दोन वाहनांच्या मधल्या जागेवर हे गाव जगले. त्यामुळे कोणते वाहन कुठवर न्यायचे आणि कुठे सोडायचे, हे चौलच्या व्यापाऱ्याला पोटापाण्यासाठी कळावेच लागे.

या व्यापाराचा बैल आपल्याला जवळून दाखवला तो दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले त्याचे चौलचे वर्णन आहे. व्यापाराचा हंगाम हिवाळ्यातले तीन-चार महिने. तेवढ्या काळात इथे जत्रेसारखी गर्दी होई आणि मग जो तो आपल्या गावी परते. घाटावरचे व्यापारी शिकवलेल्या बैलांचे कळप घेऊन येत. बैलांच्या पाठीवर खोगिरे, खोगिरांवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लांब गोण्या, आणि वीस-तीस बैलांमागे हाकणारा माणूस एकच. हा शेवटचा तपशील फार बोलका आहे. वीस-तीस बैलांना एक माणूस पुरतो, याचा अर्थ त्या जनावरांना वाटेत काही करावे लागत नाही. मुक्कामाला गोण्या उतरवल्या की बैल माळावर सोडायचे. गवत रानाचे, पाणी ओढ्याचे. पुढे सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहताना पाहिले. इतक्या जनावरांना विकतचा चारा घालायचा म्हटले असते तर मिठाचा भाव सोन्याला भिडला असता. तांडा चालला, कारण त्याचा चारा वाटेवरच उगवत होता.

आता घोडा. निकितिनचा घोडा सुखरूप जुन्नरला पोचला, यासाठी तो देवाचे आभार मानतो, आणि ते वरवरचे नाहीत. चौल ते पाली आठ दिवस, पुढे उमरी, मग जुन्नर, असा तीन आठवड्यांहून जास्त प्रवास झाला होता आणि पावसाळा तोंडावर होता. जुन्नरला चार महिने सगळीकडे नुसते पाणी आणि चिखल होता, असे तो सांगतो. तिथल्या सुभेदाराने, असदखानाने, घोडा काढून घेतला. खोरासानच्या एका वजनदार माणसाने रदबदली केली तेव्हा तो परत मिळाला. या सगळ्या काळात घोड्याला खायला घालावे लागतच होते. इथे घोड्यांना चणे-वाटाण्यासारखी कडधान्ये देतात, साखर आणि तूप-तेल घालून खिचडी शिजवून चारतात, हे त्याने बारकाईने लिहिले आहे. अखेर त्याने बीदरला घोडा विकला आणि हिशेब मांडला: वर्षभर पोसला, अडुसष्ट नाणी त्याच्यावर खर्ची पडली. शंभर रूबलांच्या घोड्याची खरी किंमत त्याला वाटेवर, चंदीच्या रूपात कळली. मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिले आहे की तिथला राजा चाच्यांशी संधान बांधून होता आणि लुटीतले घोडे तेवढे स्वतःसाठी मागून घेत होता. घोडा किती दुर्मिळ, आणि म्हणून किती हवाहवासा होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा? पण दुर्मिळ आणि वेगवान वाहन लांबच्या वाटेला आपोआप योग्य ठरत नाही, हेच निकितिनचा हिशेब सांगतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की पल्ला हा वाहनाच्या अंगचा गुण समजणे ही चूक आहे. पल्ला वाटेच्या अंगी असतो. घोडा बैलापेक्षा कितीतरी वेगाने धावतो, पण चौलहून घाटमाथ्यावर माल नेण्याच्या कामी बैलाचा पल्ला घोड्याहून मोठा होता, कारण बैलाला लागणारे सगळे काही त्या वाटेवर होते आणि घोड्याला लागणारे बरेचसे विकत घेऊन बरोबर वागवावे लागे. जुन्या लोकांनी वाट बांधली ती याच समजुतीने. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकाळात खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. कार्ले-भाज्याच्या लेण्यांपाशीही तशीच टाकी आहेत. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हणतात. घाट चढून धापा टाकत आलेल्या जनावराला आणि माणसाला जिथे पाण्याची गरज लागते, नेमके तिथे ते पाणी आहे. जनावर तेच राहिले, टाकी झाली आणि पल्ला वाढला.

यावर पहिला आक्षेप घेता येईल तो घोड्याच्या बाजूने. बैलाने मीठ वाहिले असेल, पण राज्ये घोड्यांनी उभी केली. बहमनी आणि निजामशाही सुलतानांनी चौल-दाभोळच्या वाटेने परदेशी घोडे आणवले, पोर्तुगीजांनी घोड्यांच्या व्यापारावर पकड बसवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला, आणि पुढे मराठी फौजांनी अटकेपर्यंत मजल मारली ती घोड्यावर बसून. मग लांबचा पल्ला घोड्याचा नव्हता असे कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे, पण त्यातला शेवटचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. मराठ्यांना दूर नेले ते प्रामुख्याने भीमथडीच्या तट्टांनी. भीमेच्या खोऱ्यात परदेशी घोडा आणि देशी तट्टू यांच्या संकरातून घडलेले हे जनावर बुटके होते, दिसायला साधे होते, पण दख्खनच्या उन्हाला आणि खडकाळ वाटांना सरावलेले होते. मिळेल तो चारा खाऊन ते दरकूच चालत राही. सुलतानाच्या पागेतला उमदा अरबी घोडा एका दिवसाच्या लढाईत भारी पडला असेल; महिनेच्या महिने चालणाऱ्या मोहिमेत उजवे ठरले ते मुलखाच्या वैरणीवर जगणारे तट्टू. घोड्याने बैलाचा गुण उचलला, तेव्हा त्याला लांबचा पल्ला साधला.

दुसरा आक्षेप यंत्राच्या बाजूने येतो. बोरघाटातून १८३० साली चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी गेली, आणि पाठीवर गोणी वाहणारा बैल व्यापाराच्या हमरस्त्यावरून हळूहळू बाजूला पडला. म्हणजे अखेर ताकद आणि वेगच जिंकले ना? पण आगगाडीने घाट कसा जिंकला, ते नीट पाहावे. कर्जतला आजही पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुटतात. घाट चढण्यापुरते बळ घाटाच्या पायथ्याशी मिळवायचे आणि माथ्यावर सोडून द्यायचे, ही ती युक्ती. मुंबईपासून चेन्नईपर्यंत सगळी वाट ते जादा इंजिन ओढत नेण्याचा विचार कोणी केला नाही, कारण सपाटीवर ते नुसते ओझे झाले असते. वाफेच्या काळात पाण्याचे नळ आणि कोळशाचे ढीगही ठरलेल्या स्थानकांवर होते. आगगाडीने मुक्कामांचे गणित मोडले नाही; ते रुळांवर आणि वेळापत्रकात बसवले.

ते गणित आपण विसरलो ते पेट्रोलमुळे. गेल्या काही दशकांत पंप इतके झाले आणि टाकी इतक्या लवकर भरू लागली की वाहनाला वाटेत खायला लागते, हेच डोक्यातून गेले. एकच गाडी रोज भाजीला न्यायची आणि तीच मे महिन्यात गोव्याला न्यायची, ही अपेक्षा त्या विसरण्यातून आली. निकितिनच्या काळच्या माणसाला ती अपेक्षा कळलीच नसती. त्याला गलबत वेगळे, बैल वेगळा आणि घोडा वेगळा. विजेच्या गाडीने चाऱ्यापाण्याचा प्रश्न परत समोर आणून ठेवला आहे, आणि अनेकांना ती तिची उणीव वाटते. मला तो जुन्या शहाणपणाकडे परत जाण्याचा योग वाटतो.

आता ते शहाणपण प्रत्यक्ष दोन गाड्यांना लावून पाहू. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन विजेच्या एसयूव्ही समोर आणल्या. दोन्ही चाकणला तयार होतात, म्हणजे चौलहून निघून घाट चढून जुन्नरकडे जाणाऱ्या आजच्या रस्त्यावरच. दोन्ही ५९ किंवा ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह आल्या. वीजबिलाच्या भाषेत तितकीच युनिटे. मोठ्या बॅटरीवर कंपनीने जाहीर केलेला चाचणीतला पल्ला बीई ६चा ६८२ किलोमीटर आणि एक्सईव्ही ९ईचा ६५६ किलोमीटर. रस्त्यावर एवढा पल्ला मिळत नसतो. युनिटला सहा किलोमीटर असा सावध हिशेब धरला, तर छोटी बॅटरी साधारण साडेतीनशे आणि मोठी पावणेपाचशे किलोमीटरची. चौल ते अलिबाग जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे सहा युनिटे. घरच्या पंधरा-सोळा अँपिअरच्या साध्या प्लगवर ती दोन-अडीच तासांत भरून निघतात. रोजच्या कामाला दोन्ही बॅटऱ्या कित्येक पटींनी पुरून उरतात. तेव्हा निवड खरोखर लांबच्या वाटेपाशीच अडते.

ती वाट पुण्याची धरू: सुमारे १६० किलोमीटर, मध्ये बोरघाट. माणसे-सामानासह बावीसशे किलोची गाडी सहाशे मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या साध्या हिशेबाने साडेतीन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा लागते. वाया जाणारी धरून चार-साडेचार. म्हणजे पुण्याला पोचायला एकतीसेक युनिटे. उतरताना विजेची गाडी मोटर उलटी वापरून वेग आवरते आणि चढाईतला काही भाग बॅटरीत परत भरते, ही सोय बैलालाही नव्हती आणि पेट्रोललाही नाही. परतीला पंचवीसेक युनिटे धरली तर जाऊन-येऊन छप्पन. ५९च्या बॅटरीत हे काठावर बसते, आणि काठावर कोणी प्रवास करू नये. म्हणून एक थांबा घ्यावाच लागेल, पुण्यात किंवा खोपोलीला. ७९च्या बॅटरीत थांबा लागत नाही. दोहोंतला फरक हाती आला तो एवढाच: पुण्याच्या एका फेरीमागे एक चहापाण्याचा थांबा. त्यासाठी वीस युनिटांची जादा बॅटरी, शंभर किलोहून अधिक वजन आणि काही लाख रुपये वर्षाचे तीनशे दिवस अलिबागच्या रस्त्यावर मिरवत न्यायचे का, हा खरा प्रश्न आहे. कर्जतच्या इंजिनाने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. दर आठवड्याला घाट चढणाऱ्याने मोठी बॅटरी जरूर घ्यावी. वर्षातून चार वेळा चढणाऱ्याने घाटाचे बळ घाटाच्या पायथ्याशीच घ्यावे.

आकाराचेही तसेच. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सारखेच, २,७७५ मिलिमीटर. बीई ६ची लांबी ४,३७१ आणि एक्सईव्ही ९ईची ४,७८९ मिलिमीटर. मागच्या डिकीत ४५५ आणि ६६३ लिटर सामान. म्हणजे मोठ्या गाडीत जास्तीचे मिळते त्यातला मोठा वाटा सामानाच्या जागेचा, आणि त्याची किंमत म्हणून बेचाळीस सेंटिमीटर जादा लांबी सांभाळावी लागते. चौलच्या पाखाड्या आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारे, दोन्ही बाजूंनी गडग्यांनी आवळलेले रस्ते ज्याने पाहिले आहेत, त्याला बेचाळीस सेंटिमीटर म्हणजे काय ते समजावायला नको. घरात दर महिन्याला पाच माणसांचे सामान भरून बाहेर पडणे असेल तर मोठी गाडी रास्त आहे. नसेल, तर रोज वळणाऱ्या गाडीचे माप रोजच्या वळणावरच घ्यावे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. चारा वाटेवर असतो हे बैलाच्या बाबतीत खरे, कारण गवत कोणाच्या भरवशावर उगवत नाही. वीज मात्र तारेतून येते, आणि तार तुटते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी दारातली विजेची गाडी काय कामाची? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, हे मान्य करावे. पंपावरचे पेट्रोलही विजेनेच वर येते, हे अर्धे उत्तर झाले. पंपापाशी जनित्र असते, घरी बहुधा नसते. पण मोठी बॅटरी घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, फार तर काही दिवस पुढे ढकलला जातो. इथेही चौलचा जुना व्यापारी शहाणा वाटतो. त्याने ऋतू पाहूनच वाहन जुंपले: हिवाळ्यात बाजार आणि पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारलेली. मृगाच्या आधी अंगणातली गाडी भरून ठेवायची आणि वादळाचा इशारा आला की ती भरलेलीच राखायची, ही आपली आजची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी.

चौलला समुद्राची वाट अजून आहे, हेही या निवडीत धरले पाहिजे. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत गाड्या वाहणारी रो-रो बोट सुरू झाली. निकितिनचा घोडा गलबतात उभा होता तेव्हाही चंदी खात होता. आजची गाडी तासाभराच्या त्या प्रवासात बोटीच्या पोटात उभी असते आणि तिच्या बॅटरीतले जवळजवळ काहीच खर्च होत नाही. पेण-वडखळवरून शंभरावर किलोमीटर फिरून जाणारी मुंबईची वाट अशी पस्तीस-चाळीस किलोमीटरवर येते. लांबचा प्रवास तुकड्यांत करावा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचे वाहन द्यावे, हा चौलचा धंदाच होता. तो अजून मोडलेला नाही.

म्हणूनच या गाड्यांची निवड हा केवळ घरातला प्रश्न राहत नाही. कान्हेरीच्या डोंगरात एका पोढीच्या दानलेखात दाता चेमुलचा, म्हणजे आपल्या चौलचा, असल्याची नोंद आहे. स्वतःच्या गावापासून इतक्या दूर, दुसऱ्यांच्या वाटेवर त्याने पाणी ठेवले. ते कोणी प्यावे, कोणत्या जनावराने प्यावे, याची अट घातली नाही. कान्हेरीची टाकी आजही पावसाळ्यात भरतात. प्रत्येकाने आपापल्या गाडीत वीस युनिटांचे जादा ओझे कायमचे वागवायचे, की वडखळला, खोपोलीला, मांडव्याच्या धक्क्यावर चालू स्थितीतला, सावलीतला, रात्री-अपरात्रीही दिवा असलेला चार्जिंगचा थांबा मागून घ्यायचा? ग्रामपंचायतीत, एसटीच्या आवारात, महामार्गाच्या कडेला अशा पोढ्या झाल्या, तर चौलच्या माणसाला छोटी गाडी निर्धास्तपणे घेता येईल. माहितीपत्रकातला पल्ला वाचून झाल्यावर वाटेवरच्या थांब्यांची यादी करावी, आणि त्या यादीत जिथे रिकामी जागा दिसेल, तिथे थांबा मिळावा म्हणून ग्रामसभेत उठून बोलावे.